सरोवराकाठचे बर्फघर

२०२३ च्या फेब्रुवारीत टोरांटोला पुतण्याकडे मुक्काम असताना त्याने आम्हा उभयतांना दोन दिवसांसाठी ‘कॉटेज कंट्री’ दाखवायला नेले. टोरांटोच्या उत्तरेस मोटारीने अडीच-तीन तासांच्या अंतरावर मस्कोका नावाचा प्रदेश आहे. गुलाबी-करड्या ग्रॅनाइटचे खडक, पाइन व मेपलची अरण्ये आणि त्यांच्यामध्ये लहानमोठी शेकडो सरोवरे. प्रत्येक सरोवराच्या काठी लाकडी घरे. ह्या घरांना तिकडे कॉटेज म्हणतात; मग ते घर दोन खोल्यांचे असो की बारा खोल्यांचे. पुतण्याने भाड्याने घेतलेली कॉटेज जुनी होती आणि समोरचे सरोवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गोठलेले होते. बेळगावच्या माणसाची थंडीची कल्पना डिसेंबरातल्या धुक्यापुरती आणि कानटोपीपुरती असते. पाण्यावरून मोटार चालत गेलेली पाहून आमच्या सौभाग्यवतींनी डोळे मिटून घेतले, हे येथे नमूद केले तर त्या रागावणार नाहीत अशी आशा आहे.

नातीला मात्र कशाचेच नवल नव्हते. ती अंगणातल्या एका बुटक्या, बिनखिडकीच्या, जाड भिंतींच्या खोपटात शिरली आणि आतून स्केटिंगचे बूट, हॉकीच्या काठ्या आणि घसरगाडी घेऊन बाहेर आली. त्या खोपटाला घरमालक ‘आइस हाउस’ म्हणत होते. बर्फघर! चहूकडे बर्फच बर्फ असलेल्या मुलखात बर्फासाठी वेगळे घर कशाला, असे मी विचारले तेव्हा ते हसले व म्हणाले, बर्फ उन्हाळ्यासाठी होता. हिवाळ्यात इथे कोणी येतच नसे. हे एक वाक्य माझ्या मनातून गेले नाही. परत आल्यावर मिळेल ते वाचत गेलो आणि आज जी हिवाळी मौज त्या मुलखाची ओळख म्हणून सांगितली जाते, तिच्या मागे केवढे कष्टांचे थर आहेत हे हळूहळू उलगडत गेले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

आरंभ अर्थातच मूळच्या रहिवाशांपासून करावयास हवा. ह्या प्रदेशात अनिशिनाबे लोक शिकार, मासेमारी व मेपलचा रस काढणे ह्या ऋतुचक्राबरोबर फिरत असत. हिवाळा त्यांना चुकवता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो वाकवून घेतला. ॲश वृक्षाचे लाकूड वाफेने वाकवून त्यात कच्च्या चामड्याच्या वादीची जाळी विणली की माणसाचा भार पसरतो आणि कंबरभर हिमातही पाय रुतत नाही. ह्याच त्या ‘स्नोशू’ नामक जाळीच्या पादुका. पुढून वळवलेल्या पातळ फळ्यांची ‘टोबोगन’ ही घसरगाडी शिकार व सामान ओढण्यासाठी होती. तिचे नावही अल्गोंक्वियन भाषाकुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आहे. नातीच्या हातातली प्लॅस्टिकची लाल घसरगाडी ह्या वंशातली. नानाबुशच्या कथा हिम जमिनीवर असतानाच सांगाव्यात, एरवी नव्हे, असा त्यांच्यात संकेत आहे. चातुर्मासात पोथी लावण्याची आपली रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ऋतू आणि कथा ह्यांचे हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

आज पोर्ट कार्लिंग म्हणून जे टुमदार गाव आहे, तेथे ओबाजेवानंग नावाचे त्यांचे खेडे होते. घरे होती, मक्याची व बटाट्याची शेते होती. १८५० च्या रॉबिन्सन कराराने ह्युरॉन सरोवराच्या बाजूचा मोठा मुलूख ब्रिटिश सत्तेकडे गेला, त्यानंतर पाहणीदार आले, रस्ते आले आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत खेड्यातील माणसे पश्चिमेकडे पॅरी बेटावर गेली. त्यांतील काही कुटुंबे पुढे कित्येक उन्हाळे त्याच जागी परत येत आणि बर्चच्या सालीच्या करंड्या पर्यटकांना विकत. स्वतःच्या गावात पाहुणा म्हणून येऊन करंड्या विकायच्या, ह्या प्रकाराला काय म्हणावे? दक्षिणेकडील शिकारीच्या मुलखाबाबत तर १९२३ चे विल्यम्स करार व्हावे लागले. त्यांतील अन्यायाबद्दल सरकारने २०१८ साली सात जमातींची क्षमा मागितली व एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई दिली. ह्याच पोर्ट कार्लिंगमध्ये वाढलेले जेम्स बार्टलमन २००२ ते २००७ ह्या काळात ऑन्टारिओ प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्या पदावर आलेले ते मूळनिवासी वंशाचे पहिले गृहस्थ.

गोऱ्या वसाहतकारांचा हिवाळा निराळा. १८६८ चा ‘फ्री ग्रँट्स अँड होमस्टेड’ कायदा म्हणजे फुकट जमिनीचे आमिष होते. अठरा वर्षांवरील पुरुषाला शंभर एकर, कुटुंबप्रमुखाला दोनशेपर्यंत. अटी अशा की पाच वर्षांत पंधरा एकर जंगल साफ करावे, किमान सोळा फूट बाय वीस फुटांचे घर बांधावे आणि वर्षाचे सहा महिने तेथे राहावे. कायदा करणारांनी एक गोष्ट सांगितली नाही. शंभर एकरांतील बराचसा भाग खडक होता. झाडे तोडल्यावर जी वीतभर माती उरे ती दोन-तीन पिकांत थके. आपल्याकडे इनामपत्रात ‘खडक-माळ वगळून’ असा उल्लेख असे. तिकडच्या कागदात तेवढीही सोय नसावी.

तेव्हा शेतकऱ्याचा हिवाळा शेतात नव्हे, लाकूडतोडीच्या छावणीत जाई. जमीन गोठली, हिम पडले की ओंडके ओढणे सोपे. रस्त्यावर पाणी शिंपडून तो मुद्दाम बर्फाचा करीत आणि घोड्यांच्या घसरगाड्यांवर ओंडक्यांचे डोंगर रचून ते सरोवराच्या गोठलेल्या पाठीवर नेऊन ठेवीत. वसंतात बर्फ वितळला की सारा माल आपोआप पाण्यात, आणि तेथून ग्रेव्हनहर्स्टच्या गिरण्यांत. ग्रेव्हनहर्स्टला तेव्हा ‘भुशाचे शहर’ असेच टोपणनाव पडले होते. ह्या भुशाचा आपल्या बर्फघराशी संबंध आहे, तो पुढे येईल.

मौजेखातर येणारी माणसे ह्याच सुमारास दिसू लागतात, पण उन्हाळ्यात. १८६० साली टोरांटोचे जॉन कॅम्बेल आणि जेम्स बेन हे दोन तरुण केवळ भटकण्यासाठी मस्कोकात आले. तेथील इतिहासकार त्यांना पहिले पर्यटक मानतात. १८६६ मध्ये अलेक्झांडर कॉकबर्न ह्यांनी ‘वेनोना’ ही आगबोट सरोवरात सोडली. १८७० च्या सुमारास प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रोसो सरोवराच्या टोकाशी, रानाच्या मधोमध, उंची हॉटेल काढले आणि १८७५ साली रेल्वे ग्रेव्हनहर्स्टला पोहोचली. मग काय, टोरांटोचे आणि पिट्सबर्गचे धनिक उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांसाठी नोकरचाकर व पेट्या घेऊन येऊ लागले. आपल्या महाबळेश्वरला साहेब लोक उष्म्यासाठी जात आणि पावसाळा लागला की झापांनी घरे झाकून खाली उतरत, तसेच तिकडे सप्टेंबर सरताच खिडक्यांना फळ्या ठोकून सारे दक्षिणेकडे निघत. आगबोटी धक्क्याला बांधल्या जात. एका जुन्या बोटीचे नाव सेगवन असे आहे. ओजिब्वे भाषेत त्याचा अर्थ वसंत. १८८७ च्या ‘निपिसिंग’ बोटीच्या सांगाड्यावर १९२५ साली ती नव्याने बांधली गेली, १९५८ मध्ये थांबली आणि १९८१ पासून पुन्हा चालू लागली. वसंत नावाची बोट हिवाळ्यात धक्क्याला अडकून पडे, हे नाव ठेवणाऱ्याच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे.

ॲना जेम्सन ह्या ब्रिटिश लेखिकेने टोरांटोत १८३६-३७ चा हिवाळा काढला. तिच्या १८३८ च्या ग्रंथाचे नाव ‘विंटर स्टडीज अँड समर रॅम्बल्स इन कॅनडा’. हिवाळ्यात अभ्यास, उन्हाळ्यात भटकंती! बाई जानेवारीत घसरगाडीतून नायगाराला जाऊन आल्या होत्या, तरी ग्रंथाच्या नावात त्यांनी वर्षाची वाटणी अशी केली. पुढली शंभर वर्षे कॉटेजवाल्यांनी हीच वाटणी पाळली.

आता बर्फघराकडे वळू. उन्हाळ्यात येणाऱ्या बिऱ्हाडाला दूध, लोणी, मांस टिकवायला बर्फ हवा. विजेची शीतपेटी यायची होती. म्हणून फेब्रुवारीत गावातले शेतकरी प्रत्येक कॉटेजचे बर्फघर भरून ठेवीत. हे काम कसे चाले ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण त्याचे तपशील वाचताना मला फार आनंद झाला आणि काही ठिकाणी छाती दडपली.

प्रथम सरोवरावरचे हिम खरवडून काढायचे. हिम ही रजई आहे. ती दूर केली की खालचा बर्फ अधिक जाड होतो. दीड फूट जाडी झाली की घोड्याला दातेरी नांगर जुंपून बर्फावर उभ्या-आडव्या रेघा पाडायच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. मग करवत. करवतीला एरवी दोन्ही टोकांना मुठी असतात; ह्या करवतीला एकाच टोकाला, कारण दुसरे टोक पाण्यात आणि पाण्यात उभा राहणारा भिडू मिळत नाही. कापलेल्या ओळीत पहारेचा घाव घातला की लादी सुटे. आकड्याच्या लांब काठीने ती पाण्याच्या वाटेतून ढकलत काठाशी आणायची, चिमट्याने उचलायची, गाडीवर घालायची. बर्फघरात लादीला लादी चिकटवून रचायची आणि भिंतीलगत, तळाशी, वरून, सगळीकडे फूटभर भुसा दाबायचा. तोच लाकूडगिरण्यांतला भुसा. असा बर्फ सप्टेंबरपर्यंत टिके.

घोडा बर्फातून खाली जाई तेव्हा काय करीत, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. घोड्याच्या मानेत आधीच एक फास सैल घातलेला असे. तो पाण्यात पडताच माणसे फास आवळीत. श्वास कोंडला की घोड्याची धडपड थांबे, छातीत हवा अडकून तो तरंगे आणि मग त्याला ओढून वर काढीत, फास सोडीत, घोंगडी घालून पळवीत. जीव वाचवण्यासाठी गळा आवळणे! सगळे घोडे वाचत असतील असे वाटत नाही. ज्या मंडळींच्या सरबतासाठी हा बर्फ निघे ती त्या वेळी शेकडो मैलांवर आपापल्या उबदार दिवाणखान्यात असत.

सरोवराच्या बर्फाशी आपलाही एक जुना ऋणानुबंध आहे, तो येथेच सांगून टाकतो. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने मॅसेच्युसेट्समधील तळ्यांचा बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास आणला. भुशातच गुंडाळून, चार महिन्यांच्या प्रवासाने, विषुववृत्त दोनदा ओलांडून. लगोलग मुंबईलाही तो येऊ लागला. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइसक्रीम वाढले आणि त्यावरून यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाल्याची बातमी वृत्तपत्राने दिली, ही हकीकत मुंबईच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. मस्कोकाचा बर्फ आपल्याकडे आला नाही. पण करवत, चिमटा व भुसा ह्यांची विद्या एकच. ऑन्टारिओत सिमको सरोवराकाठी बेल यूआर्ट येथून टोरांटोला आगगाडीने बर्फ जाई, तोही असाच.

हिवाळ्यात मुद्दाम मस्कोकात राहण्यासाठी आलेले पहिले पाहुणे मात्र मौजेसाठी आलेले नव्हते. ते मरणाला हुलकावणी देण्यासाठी आले होते. विल्यम गेज ह्या टोरांटोच्या प्रकाशकाच्या पुढाकाराने १८९७ साली ग्रेव्हनहर्स्टजवळ सरोवराकाठी ‘मस्कोका कॉटेज सॅनटोरियम’ उघडले. क्षयरोग्यांसाठी कॅनडातले हे पहिले आरोग्यधाम. १९०२ मध्ये शेजारीच, ज्यांना पैसे देणे शक्य नाही अशांसाठी, दुसरे रुग्णालय झाले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी थंड हवा हाच उपचार. गोठलेल्या सरोवराकडे तोंड करून उघड्या व्हरांड्यात खाटांच्या रांगा लावीत आणि शून्याखालच्या थंडीत रोगी घोंगड्या-केसाळ टोप्यांत गुरफटून दिवसचे दिवस पडून राहत. आज त्याच सरोवरांच्या काठी बर्फात आरामखुर्च्या मांडून, गुडघ्यावर पांघरूण घेऊन, हातात गरम पेला धरून लोक हसत बसलेले मी पाहिले तेव्हा मला त्या व्हरांड्यांची आठवण होणे अपरिहार्य होते.

त्याला खासगी कारणही आहे. माझी थोरली आत्या १९५० च्या दशकात मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात होती. बेळगावहून मीटरगेजच्या गाडीने वडिलांबरोबर मी तिला भेटायला जात असे. व्हरांड्यातली खाट, गळ्याभोवतीचा मफलर आणि ‘जवळ येऊ नको हं, तिथूनच बोल’ हे तिचे शब्द मला आठवतात. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आले होते. आत्या बरी होऊन घरी आली आणि पुढे चाळीस वर्षे जगली. ज्यांच्या नावाने ती वाडी आहे ते डॉ. विल्यम वानलेस मूळचे कोठले? १८६५ साली ते ऑन्टारिओ प्रांतात जन्मले होते. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेच्या रुग्णालयाचा पाया घातला. ज्या हॉस्पिटलच्या नावाने आमच्या सीमाभागातील तीन पिढ्या ‘मिरजेला न्या’ एवढेच म्हणत, त्याच्या मुळाशी हा मुलूख आहे, हे मला सत्तरी उलटल्यावर, तिकडे जाऊन आल्यानंतर कळले. आपण किती जवळच्या गोष्टी न विचारता घेतो!

दुसरा धागा याहून लांबचा, पण अधिक विलक्षण. ग्रेव्हनहर्स्ट गावातच १८९० साली नॉर्मन बेथ्यून जन्मले. शल्यचिकित्सक झाल्यावर १९२६ मध्ये त्यांना स्वतःलाच क्षयाने गाठले आणि उपचारासाठी ते प्रथम जन्मगावच्याच कॅलिडोर आरोग्यधामात दाखल झाले. तेथून पुढे अमेरिकेतील सॅरनॅक सरोवराकाठच्या ट्रूडो आरोग्यधामात. ते बरे झाले, स्पेनच्या युद्धात गेले, तेथून चीनमध्ये गेले आणि जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाने निघालेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोणाकडे आले? सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांच्याकडे. डिसेंबर १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीसही तेथेच गेले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांची कथा आपल्या घराघरांत पोहोचली. बेथ्यून ह्यांचे जन्मघर १९७६ पासून स्मारक म्हणून खुले आहे. वेळेअभावी आम्हाला ते बाहेरूनच पाहता आले. अंगणात गुडघाभर हिम होते आणि एका चिनी कुटुंबाचे छायाचित्र काढणे चालले होते.

दुसऱ्या महायुद्धाने ह्या प्रदेशाचा हिवाळा आणखी एका परीने जागवला. ते कॅलिडोर आरोग्यधाम १९४० पासून १९४६ पर्यंत जर्मन अधिकारी युद्धकैद्यांची छावणी झाले. आणि त्याच सुमारास जर्मनांनी देश बळकावल्यामुळे निर्वासित झालेले नॉर्वेचे वायुदल टोरांटोत व १९४२ पासून मस्कोका विमानतळावर तळ देऊन होते. ‘छोटा नॉर्वे’ असे त्या तळाला म्हणत. दोन हजारांहून अधिक तरुण तेथे तयार झाले. त्यांनी मस्कोका परिसरात रानातली जागा घेऊन, स्वतः ओंडके रचून, विश्रांतीस्थान उभारले व आपल्या राजपुत्राच्या निवासाच्या नावावरून त्याला ‘वेस्ले स्काउगुम’, म्हणजे धाकटे स्काउगुम, असे नाव दिले. तेथे ते स्की करीत. हंट्सव्हिलजवळच्या लिंबरलॉस्ट लॉजसारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणी स्कीचा खेळ त्याआधीच सुरू झाला होता, पण ज्यांना हिम म्हणजे घर अशा ह्या परक्या पोरांना हिवाळ्यात खेळताना पाहून स्थानिकांनाही काही उमगले असेल असे मला वाटते. एकाच सरोवरप्रदेशात एकाच हिवाळ्यात कुंपणाआड जर्मन, कुंपणाबाहेर नॉर्वेजियन, आणि दोघांनाही घरचे पत्र केव्हा येईल ह्याची वाट.

मौजेचा हिवाळा खरा सुरू झाला तो १९५० नंतर. टोरांटोहून बॅरीपर्यंतचा ‘४००’ क्रमांकाचा रुंद हमरस्ता त्या दशकाच्या आरंभी झाला, रस्ते नांगरून मोकळे ठेवले जाऊ लागले आणि वीज सरोवराकाठी पोहोचली. शीतपेटी आली तशी बर्फघरे ओस पडली. भिंतींत ऊबरोधक थर घालून, नळ गोठणार नाहीत अशी व्यवस्था करून कॉटेजी बारमाही झाल्या. आणि मग आली ती हिमावर पळणारी मोटारसायकल, स्नोमोबील.

तिच्या जन्मामागे एक दुःख आहे. क्युबेक प्रांतातील व्हालकूर गावी जोझेफ-आर्मां बोंबार्दिये नावाचा कारागीर मोटारदुरुस्तीचे काम करी. जानेवारी १९३४ मध्ये त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला आंत्रपुच्छाचा विकार झाला. रस्ते हिमाने बंद होते. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल गेले. हिमावरून चालणारे यंत्र करण्याचा ध्यास त्याने आधीपासूनच घेतला होता. १९३७ मध्ये सात माणसे बसतील अशी त्याची हिमगाडी तयार झाली. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले ह्यांची ने-आण ती करी. १९५९ साली त्याने एक-दोघांसाठी छोटी गाडी काढली. नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते, छपाईच्या चुकीने ‘स्की-डू’ झाले, असे सांगतात. कुत्र्यांच्या गाडीच्या जागी मिशनरी, पारधी ह्यांना उपयोगी पडावी हा हेतू; प्रत्यक्षात ती हौसेची वस्तू झाली. रात्री अकरा वाजता सरोवरावरून पाच-सहा गाड्या कर्कश आवाज करीत गेल्या तेव्हा मी मनातल्या मनात बोंबार्दियेच्या नावाने बोटे मोडली होती. मुलाची हकीकत नंतर वाचली आणि ती बोटे परत घ्यावी लागली.

आता तिकडे हिवाळ्यात काय काय करतात? सरोवराचा तुकडा खरवडून हॉकी खेळतात. बर्फाला भोक पाडून, छोट्या झोपडीत शेगडीशी बसून गळ टाकतात. ह्या उद्योगात मासा मिळाला पाहिजे असा आग्रह नसतो, हे मला आवडले. हंट्सव्हिलजवळच्या ॲरोहेड उद्यानात रानातून सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीची बर्फाची वाट केलेली असते आणि ठरावीक रात्री तिच्या कडेने मशाली लावतात. मशालीच्या उजेडात दीड-दोनशे माणसे झाडांमधून सरकत जात होती. पायांचा आवाज नाही, फक्त पात्यांची कुरकुर. नातीने माझा हात धरून मला दहा पावले चालवले. पडलो नाही, एवढेच.

ह्या साऱ्याचा पाया म्हणजे बर्फाची जाडी, आणि तोच आता बेभरवशाचा होत आहे. कॅनडाच्या रेडक्रॉसचा दंडक असा की, एकट्याने चालायला पंधरा, अनेकांनी मिळून स्केटिंग करायला वीस व स्नोमोबीलला पंचवीस सेंटिमीटर जाडी हवी. निळसर पारदर्शक बर्फ बळकट. दुधी बर्फ त्याच्या निम्म्या बळाचा. करड्या बर्फावर पाऊलच टाकू नये. आम्ही गेलो त्याच हिवाळ्यात राजधानी ओटावा येथील रिडो कालव्याची प्रसिद्ध स्केटिंगची वाट, १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाल्यापासून प्रथमच, एक दिवसही उघडली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पंचमहासरोवरांवर त्या महिन्याचा आजवरचा नीचांकी बर्फ नोंदला गेला. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील सपना शर्मा व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, उत्तर गोलार्धातील सुमारे पंधरा हजार सरोवरे आता दर हिवाळी खात्रीने गोठत नाहीत. अशा अभ्यासाला जुन्या नोंदी लागतात. जपानमध्ये सुवा सरोवर केव्हा गोठले ह्याची नोंद तेथील मंदिराचे पुजारी १४४३ पासून ठेवीत आले आहेत. बर्फ तडकून वर उचललेली रेघ म्हणजे देवाने सरोवर ओलांडल्याची खूण, अशी त्यांची श्रद्धा. श्रद्धेपोटी लिहिलेले पाचशे वर्षांनी विज्ञानाला उपयोगी पडले. आपल्या पंचांगकर्त्यांनी पहिल्या पावसाचे दिवस असेच लिहून ठेवले असते तर!

निघायच्या सकाळी नातीने सामान परत ठेवण्यासाठी बर्फघराचे दार उघडले तेव्हा मी आत डोकावलो. कोपऱ्यातल्या फळीखाली भुसा अजून होता, काळा पडलेला, मुठीत घेतला की पीठ होणारा. भिंतीवर एक मूठ असलेली करवत टांगलेली होती. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखांच्या ओळी होत्या. सरोवर गोठल्याची एक, मोकळे झाल्याची एक, वर्षामागून वर्ष, निरनिराळ्या हस्ताक्षरांत. घरमालकांच्या आजोबांनी सुरुवात केली होती. वरच्या ओळींतील अक्षरे इतकी पुसट होती की मला लागली नाहीत. खालच्या शेवटच्या ओळीत गोठल्याची तारीख होती, पुढची जागा मोकळी होती.

आम्ही बेळगावला परतल्यावर एप्रिलच्या मध्यास पुतण्याचा निरोप आला. घरमालकांनी आठवणीने त्याला कळवले होते, काकांना सांगा, आज बर्फ गेला.